मांजरीचे बागाईतदार, पुण्याचे नगरपिते

स्मरणिकेसाठी कोणा एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळातील भगिनींनी मला सांगितले, तेव्हा मी महात्मा जोतीराव फुले यांचे नाव सुचविले. ते ऐकून एकदोघींच्या मनात शंका आली असावी, की यात नवे ते काय? मुलींची शाळा, सावित्रीबाईंवर झालेली शेणाची फेक, सत्यशोधक समाज, हे सारे आपल्या मुलांनाही पाठ आहे. त्यांची शंका रास्त आहे. पण मी गेली काही वर्षे मंडळाची खजिनदार म्हणून काम पाहते. जमाखर्चाची वही हाती असली म्हणजे माणसाला एक खोड लागते. कोठलेही चांगले काम दिसले, की याला पैसा कोठून आला आणि तो कसा खर्च झाला, असा प्रश्न मनात उभा राहतो. जोतीरावांचे चरित्र मी या खोडीने वाचले आणि मला एक वेगळेच जोतीराव भेटले. मांजरीला बागाईत करणारे, धरणाच्या कामाला माल पुरविणारे, आणि पुण्याच्या नगरपालिकेत बसून कर भरणाऱ्या गरिबाच्या पै-पैचा जाब विचारणारे. त्यांचीच हकीकत मी येथे सांगणार आहे.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. आजोबा शेटिबा पुरंदर भागातील खानवडी येथे आले आणि पुढे हे कुटुंब पुण्यात स्थिरावले. पेशवाईच्या अखेरच्या काळात या घरातील मंडळी फुलांचे हार, गजरे, गाद्या करून देण्याच्या कामात नावाजली आणि त्या धंद्यावरून फुले हेच त्यांचे आडनाव झाले. 1827 साली जोतीरावांचा जन्म झाला तेव्हा पेशवाई जाऊन नऊ वर्षे लोटली होती. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीचा व्यापार करीत, शेतीही पाहत. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तोच त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाई नावाच्या नात्यातील बाईंनी त्यांना पोटच्या पोराप्रमाणे वाढविले. आई नसलेल्या मुलाला दुसऱ्या बाईने माया लावली आणि त्या मुलाने पुढे अनेक निराधार बायकांना आसरा दिला. या दोन गोष्टींचा सांधा आपण भगिनींना निराळा समजावून सांगायला नको.

मुलाला शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या पोराला अक्षरे काय करायची, असे सांगणारे लोक गोविंदरावांना भेटले आणि शाळा सुटली. जोतीराव शेतात जाऊ लागले. मोट, पाट, वाफे, खुरपणी, भाजीची जुडी बांधणे ही सारी कामे त्यांनी लहानपणी हातांनी केली. याच वयात, म्हणजे तेराव्या वर्षी, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची कन्या सावित्री हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तिचे वय तेव्हा नऊ. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांना मुलाची हुशारी दिसत होती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. 1847 पर्यंत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. शाळेबाहेरची ती मधली वर्षे वाया गेली असे पूर्वी मला वाटे. आता तसे वाटत नाही. कुणब्याच्या घरातली हलाखी पुढे त्यांनी ज्या बारकाव्याने लिहिली, त्याचा पाया तेथेच, खुरपे हातात धरताना घातला गेला.

1848 साली एकवीस वर्षांच्या या तरुणाने पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना त्यांनी घरी शिकविले होतेच. त्या शिक्षिका झाल्या. वर्षभरात लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर जाण्यास सांगितले. 1851 साली बुधवार पेठेत आणि रास्ता पेठेत, 1852 साली वेताळ पेठेत अशा मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. त्याच सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाली. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. ही कथा सर्वांच्या परिचयाची असल्याने मी येथे थांबत नाही. पण घराबाहेर पडलेल्या त्या जोडप्याची चूल कशावर पेटत होती, हा माझा खजिनदारी प्रश्न उरतोच. शाळांना काही देणग्या मिळत, सरकारची थोडी मदत होई. परंतु जन्मभर लोककार्य करायचे तर भाकरी आपली आपण मिळवली पाहिजे, कोणाच्या वर्गणीवर संसार चालविता कामा नये, हे जोतीरावांनी लवकर ओळखले होते. म्हणून ते धंद्यात उतरले.

1863 च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी वगैरे सामान विकण्याचे दुकान काढले. पुढे त्यांनी कंत्राटे घेण्यास आरंभ केला. पुण्याजवळ खडकवासला येथे मुठा नदीवर मोठे दगडी धरण बांधले जात होते. 1870 च्या दशकात त्या कामाला लागणारा माल त्यांनी पुरविला. कात्रजच्या बोगद्यासाठी आणि येरवड्याच्या कामासाठीही त्यांनी कंत्राटे घेतली. मजूर गोळा करणे, त्यांची हजेरी ठेवणे, आठवड्याच्या आठवड्याला पगार वाटणे, असे हे काम. त्यात पैसा मिळे, आणि पैशापेक्षा अधिक काही पाहावयास मिळे. इंजिनीअर साहेब गोरा, त्याच्या हाताखालचे कारकून एतद्देशीय, आणि सर्वांत खाली उन्हात दगड फोडणारा बिगारी. त्या बिगाऱ्याच्या मजुरीला वाटेत कोठे कोठे गळती लागते, बिल मंजूर होण्यासाठी कोणाचे हात ओले करावे लागतात, हे जोतीरावांनी आतून पाहिले. पुष्कळ कंत्राटदार हे पाहतात आणि त्यातच आपला वाटा शोधतात. जोतीरावांनी ते लिहून काढले आणि छापले. ज्या खात्याकडून कंत्राट मिळायचे त्याच खात्याचे वाभाडे काढावयाचे, याला धंद्याच्या दृष्टीने शहाणपण म्हणता येणार नाही. पण त्यांच्या वहीत नफ्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना होता, आणि तो ते कधी कोरा ठेवीत नसत.

खडकवासल्याचे पाणी कालव्याने हडपसर, मांजरीकडे निघाले. आज आपल्याला वाटेल की शेतकऱ्यांनी त्या पाण्यावर उड्या टाकल्या असतील. तसे झाले नाही. कालव्याचे पाणी म्हणजे पाणीपट्टी, पाणीपट्टी म्हणजे सरकारी अंमलदाराचे येणेजाणे, आणि बागाईत करावयाची तर खत, बियाणे, बैल यांसाठी सावकाराचे आणखी कर्ज. शिवाय पिढ्यान् पिढ्या पावसाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला पाटाच्या पाण्याची शेती ठाऊक नव्हती. जोतीरावांनी मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला, फळझाडे, ऊस अशी बागाईत करून दाखविली. भाषणाने जे पटत नाही ते शेजारच्या शेतात उभे राहिलेले पीक पाहून पटते. माळ्याच्या घरातला जन्म असल्याने त्यांना हे शिकावे लागले नाही. ही जमीन सुमारे साठ एकर असल्याचे सांगतात. म्हणजे ते चांगले सुखवस्तू बागाईतदार होते. 1882 साली सरकारपुढे निवेदन करताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे कंत्राटदार अशी करून दिली. समाजसुधारक किंवा ग्रंथकार असे काही लिहिले नाही, हे मला फार आवडते.

1876 साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. त्या काळी आजच्यासारखी मतदानाने निवड होत नसे. सभासद सरकारच नेमी आणि त्यात सरदार, सावकार, वकील, पेन्शनर अशी प्रतिष्ठित मंडळी असत. 1883 पर्यंत जोतीराव त्या सभागृहात होते. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या कलाने मान हलवावी, अशीच अपेक्षा असणार. ती अपेक्षा त्यांनी पुरी केली नाही.

त्यांच्या नेमणुकीच्या वर्षीच दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. 1876 आणि 1877 ही दोन वर्षे लोकांनी झाडपाला खाऊन काढली. गावेच्या गावे ओस पडली. गुरे मेली आणि त्यांच्यामागे माणसे. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे निराधार मुलांसाठी बालाश्रम उघडला आणि मे 1877 मध्ये जोतीरावांनी मदतीचे जाहीर आवाहन केले. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरकडे मदतीच्या कामावर होत्या. तेथून एप्रिल 1877 मध्ये त्यांनी पतीला पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. उपाशी माणसे, मुकी जनावरे, सावकारांची घरे फोडण्याचे प्रकार, आणि त्यात कार्यकर्त्यांची चाललेली धडपड असे सारे त्यात आले आहे. त्या वेळच्या किती बायका नवऱ्याला पत्र लिहू शकत होत्या? आणि ज्या लिहू शकत होत्या त्यांपैकी किती जणी दुष्काळाच्या कामाचा अहवाल लिहीत होत्या? शाळा काढल्यापासून जेमतेम एकोणतीस वर्षांत हे घडले होते.

दुष्काळाच्या आठवणी ताज्या असतानाच, 1880 साली, हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार असे ठरले. त्यांच्या स्वागतासाठी, मानपत्र व शोभा यांसाठी एक हजार रुपये खर्च करावेत असा ठराव नगरपालिकेपुढे आला. त्या वेळचे हजार रुपये म्हणजे मोठीच रक्कम. याच लिटनसाहेबांच्या अमदानीत 1878 साली देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा झाला होता. जोतीरावांच्या सहकाऱ्यांचे दीनबंधू हे पत्र 1877 साली निघाले होते, त्यालाही त्याची झळ होती. जोतीराव उभे राहिले आणि हा पैसा पाहुण्याच्या स्वागताऐवजी पुण्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी खर्च करावा, अशी सूचना त्यांनी केली. मत घेण्याची वेळ आली. सभागृहात नेमलेले सभासद बत्तीस. ठरावाच्या विरुद्ध हात वर झाला तो एकट्या जोतीरावांचा.

ठराव अर्थातच मंजूर झाला. कमानी उभ्या राहिल्या असतील, पताका लागल्या असतील. दुसऱ्या दिवशी त्या उतरल्याही असतील. त्या एका हाताची किंमत मला पुष्कळ मोठी वाटते. भोवती सगळे ओळखीचे, प्रतिष्ठित लोक बसलेले असताना, त्यातले काही तर आपले स्नेही असताना, एकट्याने नाही म्हणणे किती कठीण असते हे आपल्यासारख्या लहानशा मंडळाच्या बैठकीतही कळते. तेथे तर समोर साम्राज्याचा सर्वांत मोठा अधिकारी होता, आणि जोतीरावांची उपजीविका सरकारी कंत्राटांवर होती.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रश्न लावून धरला. शहरात दारूची दुकाने भराभर वाढत होती. त्यापासून सरकारला उत्पन्न मिळे. जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून याकडे लक्ष वेधले. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिका खर्च करते, आणि दुसरीकडे त्याच शहरात आरोग्य व संसार बुडविणारी दुकाने वाढतात, हा विरोध त्यांनी दाखवून दिला. मजुरांची वस्ती त्यांच्या घराभोवतीच होती. पगाराच्या दिवशी कोणत्या घरात चूल पेटत नाही हे त्यांना पाहून ठाऊक होते.

मग आली मंडईची गोष्ट. पुण्याची भाजी त्या काळी शनिवारवाड्यापुढील उघड्या जागेत विकली जाई. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत एक भव्य दगडी मंडई बांधावयाचे ठरविले. खर्च लाखांच्या घरातला. जोतीरावांनी या कामाला विरोध केला, आणि त्यांचे मित्र हरि रावजी चिपळूणकर यांनीही. विरोधाचे कारण सौंदर्याचे नव्हते. एवढा पैसा हाताशी असेल तर तो आधी शिक्षणाला लागावा, हे त्यांचे म्हणणे होते. त्यामागे आणखी एक जाण होती, असे मला त्यांचे पुढील लेखन वाचून वाटते. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग जकातीचा असे. खेड्यातला शेतकरी भाजीची गाडी भरून पहाटे शहराच्या नाक्यावर येई. तेथे जकात, पुढे बाजारात जागेचा आकार, दलालाची हक्काची दस्तुरी, मापाड्याची मूठ. संध्याकाळी गाडी रिकामी आणि कनवटीही रिकामी, अशा स्थितीत तो पोराबाळांकडे परत जाई. हे चित्र जोतीरावांनी आपल्या ग्रंथात रंगविले आहे. ते स्वतः भाजीवाल्याचे पुत्र, स्वतः बागाईतदार, आणि जकात घेणाऱ्या नगरपालिकेचे सभासद. नाक्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून त्यांनी तो व्यवहार पाहिला होता. मंडई बांधली गेलीच. 1886 साली तिचे उद्घाटन होऊन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले.

1882 साली सरकारने हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. जोतीरावांनी ऑक्टोबर महिन्यात त्याच्यापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्याच्या घामाचा, मात्र तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मूळ मुद्दा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. पण ते तेथे थांबले नाहीत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे नांगराला हात लावण्याची त्यांना लाज वाटणार नाही. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. मुलांना मोडी व बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, नीती, आरोग्य यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही द्यावे. ध्येय सांगणे सोपे असते. मास्तरला महिन्याला किती रुपये द्यावेत येथपर्यंत जो येतो, त्याने ते काम कधीतरी स्वतः चालविलेले असते. पोटभर पगार नसलेला मास्तर शाळा कशी चालवील, हे शाळा काढून बसलेल्या या जोडप्याहून कोणाला अधिक ठाऊक असणार?

याच काळात ते शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहीत होते. जुलै 1883 मध्ये तो पूर्ण झाला. पहिले दोन भाग दीनबंधूत छापून आले. पुढील मजकूर इतका जहाल होता, की संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो छापण्याचे नाकारले. लोखंडे तर जोतीरावांचेच अनुयायी! ग्रंथाचे काही भाग त्यांनी बडोद्यास जाऊन महाराज सयाजीराव गायकवाड यांना वाचून दाखविले. या पुस्तकात धर्माच्या नावाने शेतकऱ्याकडून उकळले जाणारे पैसे, गोऱ्या अधिकाऱ्यांचा आळस व एतद्देशीय कामगारांची लाचखोरी यांवर प्रहार आहेत. जंगल खात्याने गायराने बळकावली, त्यामुळे गुरे पाळणे अशक्य झाले, हीही तक्रार आहे. परंतु आपण भगिनींनी त्यातील कुणब्याच्या घराचे वर्णन मुद्दाम वाचावे. कलेक्टरापुढे गाऱ्हाणे घालून निराश होऊन परत आलेला शेतकरी, आणि त्याचे घर. गोठा कसा, चूल कोठे, भांडी किती, अंथरूण कशाचे, घरच्या बाईची अवस्था काय, हे सारे त्यांनी घरात शिरून पाहिल्यासारखे लिहिले आहे. पुरुष लेखक सहसा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर थांबतात. जोतीराव आत गेले.

शेवटच्या भागात त्यांनी उपाय सांगितले आहेत, आणि तेथे त्यांच्यातला बागाईतदार बोलतो. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेण यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात यावयाचे, ते वाहून नदीला मिळू नये म्हणून जागोजाग ताली व बंधारे बांधावेत. पाणी जमिनीत मुरले म्हणजे विहिरींना बारमाही झरे राहतील. हे बांधकाम फावल्या वेळी लष्करातील व पोलिसांतील शिपायांकडून करवून घ्यावे. जुनी तळी दुरुस्त करावीत आणि त्यातला गाळ शेतकऱ्यांना मोफत नेऊ द्यावा. जमिनीखालचे पाणी अचूक दाखविणाऱ्या पाणाड्यांना बक्षिसे द्यावीत. दरसाल शेतीमालाची व जनावरांची प्रदर्शने भरवावीत. शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी शेतकीच्या शाळा पाहावयास पाठवावे. माती अडवा, पाणी अडवा म्हणून महाराष्ट्रात शंभर वर्षांनंतर चळवळी झाल्या. तिचे बीज या पुस्तकात शोधता येते, आणि ते पुस्तकात येण्याआधी मांजरीच्या शेताच्या बांधावर पडले असावे, असे मला वाटते.

पुढे जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकारांची जमीन न कसण्याचा निर्धार केला, तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्षभर जमिनी पडीक राहिल्या आणि शेवटी सावकारांना खाली यावे लागले. मार्च 1888 मध्ये हरि रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट या राजपुत्राला पुण्यात मेजवानी दिली. मोठमोठे पाहुणे जरतारी पोशाखात आले होते. त्या मेळाव्यात जोतीराव गरीब कुणब्याच्या वेषात, घोंगडी आणि मुंडासे घेऊन हजर झाले. येथे हिऱ्यामोत्यांनी सजलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे आणि त्याला शिक्षण हवे आहे, हे राणीला कळवावे, असे त्यांनी राजपुत्राला ऐकविले. त्यांच्या घरी चांगले कपडे नव्हते असे नाही. ते साठ एकरांचे मालक होते. पण त्या संध्याकाळी ज्यांना आमंत्रण नव्हते त्यांच्या वतीने ते गेले होते. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

आता थोडे घराविषयी. गंज पेठेतील त्यांच्या घराचा हौद 1868 साली अस्पृश्यांना खुला करण्यात आला. त्याच घरात 1863 पासून फसलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय होती. तेथे 1874 साली जन्मलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले आणि यशवंत असे त्याचे नाव ठेवले. धंद्यातून आणि शेतीतून येणारा पैसा या घरात आला की थांबत नसे. शाळा, वसतिगृह, येणारेजाणारे कार्यकर्ते, आजारी मजूर, अशा असंख्य वाटांनी तो निघून जाई. पैसा मिळविणारे जोतीराव असले, तरी तो रोजच्या रोज पुरविणाऱ्या सावित्रीबाई होत्या. किती ताटे वाढायची हे सकाळी ठाऊक नसलेल्या घरात जिने पन्नास वर्षे स्वयंपाक केला, बाळंतिणींची उठबस केली, आणि मुलींना शिकविले, तिच्या कष्टांची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. असे कष्ट कोणत्या रकान्यात घालावेत ते मलाही अजून कळलेले नाही.

जुलै 1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. थोडे बरे वाटताच त्यांनी डाव्या हाताने लिहिण्यास आरंभ केला आणि सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झाले. धंदा बसला होता, शिल्लक संपली होती. एके काळच्या या बागाईतदाराच्या औषधपाण्यासाठी मामा परमानंदांना बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकावा लागला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे निधन झाले. आपला देह दहन न करता घराच्या आवारात मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती आणि खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत दफनाला अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत त्यांनी सात वर्षे लोकांची बाजू मांडली त्याच शहराच्या नियमाने हे नाकारले गेले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक मुलाचा हक्क भाऊबंदांनी नाकारला आणि टिटवे धरण्यावरून वाद निघाला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्यविधी केले. 1890 साली, पुण्यात. पुढे घरामागे त्यांनी पतीच्या अस्थींवर तुळशीवृंदावन बांधले. 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च रोजी त्याही गेल्या.

पुण्याच्या ज्या मंडईला जोतीरावांनी विरोध केला तिचे नाव पुढे बदलून महात्मा फुले मंडई करण्यात आले. लोकांनी प्रेमाने आणि आदराने ते नाव दिले, आणि भाजीवाल्याच्या पुत्राचे नाव भाजीच्या बाजाराला शोभतेही. तरीही तेथे कोथिंबिरीची जुडी घेताना मला नेहमी वाटते, की हे नाव देताना त्यांचा विरोधही लक्षात ठेवायला हवा होता. तो दगडविटांना नव्हता. पैसा कोणी भरला आणि तो आधी कोणाच्या मुलांच्या पाटी-पेन्सिलीला लागायला हवा, असे ते विचारीत होते. सभागृहात त्यांची फार थोडी मते जिंकली. लिटनच्या स्वागताचा खर्च झाला, मंडई झाली. सक्तीचे प्राथमिक शिक्षण येण्यास आणखी कित्येक दशके गेली. पण खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे प्रश्नचिन्ह काढणारा एक माणूस त्या सभेत बसला होता, हे त्या काळच्या पुण्याचे भाग्य होय.

यंदा वर्धापनदिनाचे अंदाजपत्रक आपण सर्व जणी मिळून करणार आहोत. रोषणाई, हारतुरे, अल्पोपाहार, शिवणवर्गाची यंत्रे, बालवाडीची पुस्तके, असे सारे त्यात येईल. त्या बैठकीला प्रत्येक भगिनीने यावे, आकडे वाचावेत आणि न पटलेल्या बाबीला विरोध करावा, मग हात एकटीचाच वर का होईना. खजिनदार या नात्याने मी त्याचे स्वागतच करीन.